सर्वांत मोठा पक्ष, तरी विरोधात

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मे २०१७च्या निवडणुकीत ८७ पैकी लिबरल ४३, एनडीपी ४१ आणि ग्रीन पक्ष ३ जागांवर आला. बहुमताचा आकडा ४४. तिथे निकाल लागला म्हणून प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, लगेच पायउतार होत नाहीत; आधी सभागृहाला सामोरं जाता येतं. लिबरल प्रीमियर क्रिस्टी क्लार्क यांनी तेच केलं. पण ग्रीन पक्षाने एनडीपीला लेखी पाठिंबा दिला होता. २९ जूनला सरकार ४४ विरुद्ध ४२ मतांनी पडलं. लिबरलांचा एक आमदार सभापतिपदी असल्याने मतदानात नव्हता. क्लार्क यांनी फेरनिवडणूक मागितली. लेफ्टनंट गव्हर्नरांनी, म्हणजे तिथल्या राज्यपालांनी, ती नाकारून एनडीपीचे जॉन होर्गन यांना बोलावलं. हे योग्यच झालं: कौल ताजा होता आणि पर्यायी सरकार समोर उभं होतं.