कुरणाची सुपीकता : म्हैसूरच्या ‘कावलां’चा धडा

म्हैसूर संस्थानात ‘अमृतमहाल’ गोधनासाठी विस्तीर्ण कुरणे राखून ठेवलेली असत. त्यांना ‘कावल’ म्हणत. कन्नड भाषेत या शब्दाचा अर्थ राखण असा आहे. हे गोधन मूळचे विजयनगरच्या श्रीरंगपट्टण येथील प्रतिनिधीकडून वडियार राजांकडे आले, असे मानले जाते. चिक्कदेवराज वडियार यांच्या काळात त्याचा कारभार ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची चावडी, पाहत असे. पुढे टिपू सुलतानाने या खात्यास अमृतमहाल हे नाव दिले.

कावलांची विभागणी उन्हाळी, पावसाळी व हिवाळी अशी होती. कळप ऋतुमानाप्रमाणे हलत असल्याने चरून झालेल्या कुरणास विश्रांती मिळे आणि चराईच्या वेळचे शेण-मूत्र त्याच जमिनीत पडे.

अन्नद्रव्ये जातात कोठे?

चरणारे जनावर खाल्लेल्या नत्र, स्फुरद व पालाशाचा बराच मोठा भाग मलमूत्रावाटे परत टाकते. स्फुरद मुख्यतः शेणात, तर पालाश मुख्यतः मूत्रात असते. परंतु दिवसा कुरणात चरलेले जनावर रात्री गोठ्यात बांधले जाते. तेथील शेणखत पिकाच्या शेतात जाते, काही शेणाच्या गोवऱ्या होतात आणि मूत्र गोठ्यातच मुरते. कुरणाकडे यातले काहीच परतत नाही. हा तोटा कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. काही वर्षांनी पवना, मारवेल यांसारखी सकस गवते विरळ होऊन कुसळी माजते, तेव्हाच तो लक्षात येतो.

पशुपालकांनी काय करावे?

१. माती परीक्षण : चढाचे व सखल भागाचे नमुने वेगळे घ्यावेत. पाणवठा, झाडाखालची सावली व जनावरे बसण्याच्या जागा वगळाव्यात; तेथे अन्नद्रव्ये साचलेली असल्याने निष्कर्ष फसवा येतो.

२. फिरता वाडा : शेतात मेंढ्या बसवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. त्याच धर्तीवर कोरड्या हंगामात गुरांचा रात्रीचा वाडा कुरणातच करावा व दर काही दिवसांनी पुढे सरकवावा. सुरुवात सर्वांत निकस तुकड्यापासून करावी.

३. विश्रांती : कुरणाचे किमान चार भाग पाडून आळीपाळीने चारावेत. पहिल्या पावसानंतरचे कोवळे फुटवे चारू नयेत. दरवर्षी एक भाग गवताचे बी पडेपर्यंत राखावा.

४. स्टायलो : हे द्विदल चारापीक हवेतील नत्र स्थिर करते. त्याच्या बियांचे कवच कठीण असते. म्हणून बी ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे ४ मिनिटे ठेवून नंतर रात्रभर थंड पाण्यात भिजवावे व पावसाच्या प्रारंभी पेरावे.

५. स्फुरद : परीक्षणात कमतरता आढळल्यास शिफारशीप्रमाणे सिंगल सुपर फॉस्फेट द्यावे. त्यातून कॅल्शियम व गंधकही मिळते. स्फुरदाअभावी द्विदलांच्या मुळांवरील गाठी नीट वाढत नाहीत.

पिकालाही शेणखत हवेच असते, त्यामुळे सर्व शेण कुरणास देणे कोणालाही परवडणार नाही. म्हणून प्रथम एकाच एकरावर वाडा फिरवावा, शेजारचा एकर तसाच ठेवावा आणि पावसाळ्यानंतर दोन्हींकडील गवत कापून तोलून पाहावे. विस्तार कार्यकर्त्यांनी हे वजन गावकऱ्यांसमक्ष करावे. गोधनाची राखण मातीपासून सुरू होते, हे तेथे शब्दांवाचून पटेल.