नागरी सेवा परीक्षांची पूर्वतयारी आणि ग्रामीण विद्यार्थी : वरणगाव परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

जळगाव जिल्ह्यातील भुसावळ तालुक्यात मुंबई-कोलकाता महामार्गावर वरणगाव हे गाव वसलेले आहे. एका बाजूस भुसावळचे मोठे रेल्वे जंक्शन व दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र, दुसऱ्या बाजूस तापीवरील हतनूर धरण, सभोवती केळी व कापसाची शेती आणि गावालगत १९६४ पासूनचा आयुध निर्माणी कारखाना अशी या परिसराची रचना आहे. त्यामुळे सरकारी नोकरीची ओळख येथील कुटुंबांना नवी नाही. रेल्वे, आयुध निर्माणी, वीज केंद्र, सैन्य व पोलीस दल ही येथील तरुणांची परिचित क्षेत्रे होत. मात्र शासकीय सेवेत कामगार अथवा कर्मचारी म्हणून प्रवेश करणे आणि प्रशासनात निर्णय घेणारा अधिकारी म्हणून प्रवेश करणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर पार करण्याचा खुला व घटनात्मक मार्ग म्हणजे नागरी सेवा परीक्षा होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३१५ अन्वये संघासाठी व राज्यांसाठी लोकसेवा आयोगांची तरतूद करण्यात आली आहे. या परीक्षांचे स्वरूप, मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसमोरील प्रश्न आणि गावात राहून करता येण्याजोगी तयारी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ब्रिटिश काळात सनदी सेवेची परीक्षा प्रारंभी केवळ लंडन येथे होत असे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे या परीक्षेत यशस्वी होणारे पहिले भारतीय ठरले व त्यांच्या सेवेचा मोठा भाग मुंबई इलाख्यात गेला. रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुख यांनी १९१८ मध्ये याच परीक्षेत प्रथम क्रमांक मिळविला. १९२२ पासून ही परीक्षा भारतातही घेतली जाऊ लागली, तर १९२६ मध्ये लोकसेवा आयोगाची स्थापना झाली. खानदेश हा १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. म्हणजेच जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या आजच्या प्रशासनाची चौकटही त्याच सनदी व्यवस्थेतून आकारास आली आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात सर्वांत महत्त्वाचा बदल भाषेच्या बाबतीत घडला. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९७६ च्या अहवालानंतर १९७९ पासून पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत असे तीन टप्पे सुरू झाले आणि मुख्य परीक्षेची उत्तरे संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये लिहिण्याची मुभा मिळाली. मार्च २०१३ मध्ये आयोगाच्या अधिसूचनेने प्रादेशिक भाषांच्या वापरावर अटी घातल्या होत्या. महाराष्ट्रासह देशभरातून विरोध झाल्यामुळे त्याच महिन्यात त्या मागे घेण्यात आल्या. मराठीतून परीक्षा देण्याचा हक्क सहजासहजी मिळालेला व टिकलेला नाही, हे यावरून स्पष्ट होते.

परीक्षेचे सध्याचे स्वरूप :

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत प्रत्येकी २०० गुणांच्या दोन वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका असतात. पहिली सामान्य अध्ययनाची असून तिच्यावर मुख्य परीक्षेसाठीची निवड ठरते. दुसरी आकलन, तर्क व अंकगणित यांची असून २०१५ पासून ती केवळ पात्रतेसाठी आहे व तीत ३३ टक्के गुण आवश्यक असतात. चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण वजा होतात. या नियमाचा अर्थ उदाहरणाने लक्षात येतो. पहिल्या प्रश्नपत्रिकेतील १०० प्रश्नांपैकी एका विद्यार्थ्याने ९० प्रश्न सोडविले व त्यांतील ५० बरोबर आले, तर त्यास सुमारे ७३ गुण मिळतात. दुसऱ्याने ७० प्रश्न सोडवून त्यांतील ५० बरोबर आणले, तर त्यास सुमारे ८७ गुण मिळतात. दोघांचे ज्ञान सारखेच असूनही केवळ अंदाजाने उत्तरे देण्याच्या सवयीमुळे १३ गुणांचा फरक पडतो.

मुख्य परीक्षेत भारतीय भाषा व इंग्रजी या प्रत्येकी ३०० गुणांच्या पात्रता प्रश्नपत्रिका असतात. त्यांत २५ टक्के गुण न मिळाल्यास अन्य उत्तरपत्रिकांचे गुण विचारात घेतले जात नाहीत. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार व वैकल्पिक विषयाच्या दोन अशा प्रत्येकी २५० गुणांच्या सात प्रश्नपत्रिकांचे १,७५० गुण आणि व्यक्तिमत्त्व चाचणीचे २७५ गुण मिळून एकूण २,०२५ गुणांवर अंतिम निवड होते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी याच धर्तीवर वर्णनात्मक पद्धती स्वीकारली. ती २०२३ पासून लागू होणार होती. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती २०२५ पासून लागू करण्याचा निर्णय झाला. या बदलामुळे दोन्ही परीक्षांसाठी बव्हंशी एकच अभ्यास उपयोगी पडतो. ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. कारण केंद्रीय परीक्षेत अपयश आले तरी उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक किंवा तहसीलदार या पदांसाठी तोच अभ्यास कामी येतो.

भाषेचा प्रश्न :

वरणगाव परिसरातील अनेक घरांत लेवा गणबोली किंवा तावडी बोलली जाते, तर पश्चिमेकडे एरंडोल, धुळे, साक्री भागांत अहिराणीचे प्राबल्य आहे. शाळेत प्रमाण मराठी, महाविद्यालयात इंग्रजीमिश्रित मराठी आणि स्पर्धा परीक्षेच्या संदर्भग्रंथांत प्रामुख्याने इंग्रजी असा विद्यार्थ्याचा भाषिक प्रवास होतो. केंद्रीय आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येत असली तरी सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत छापल्या जातात. म्हणजे प्रश्न इंग्रजीत वाचावयाचा, विचार मराठीत करावयाचा आणि उत्तर मराठीत लिहावयाचे, अशी दुहेरी क्रिया विद्यार्थ्यास परीक्षागृहात करावी लागते. पूर्व परीक्षेतील आकलनाचे उतारेदेखील याच दोन भाषांत असतात. म्हणून 'मराठी माध्यम' याचा अर्थ 'इंग्रजी नको' असा घेणे विद्यार्थ्यास महागात पडते. उत्तर मराठीत लिहिणाऱ्यासही इंग्रजी वाचनाचा नियमित सराव अनिवार्य आहे.

वेळेचे गणितही येथे विचारात घेतले पाहिजे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन प्रश्नपत्रिकांत साधारणतः १५० शब्दांचे १० व २५० शब्दांचे १० असे २० प्रश्न तीन तासांत सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी नऊ मिनिटे मिळतात व एकूण लेखन ४,००० शब्दांपर्यंत जाते. पारिभाषिक शब्द आयत्या वेळी शोधावा लागला तर ही नऊ मिनिटे अपुरी पडतात. त्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश व मराठी विश्वकोश यांच्या साहाय्याने विद्यार्थ्याने प्रत्येक विषयाची स्वतःची शब्दसूची प्रथमपासूनच तयार करावी. तिच्यात इंग्रजी संज्ञा, तिचा मराठी पर्याय व एका वाक्यातील अर्थ असावा. तयार टिपणे विकत घेण्यापेक्षा हे काम अधिक उपयुक्त ठरते.

खानदेशातील उदाहरणे :

एरंडोल तालुक्यातील ताडे या गावचे राजेश पाटील यांनी बालपणी शेतमजुरी केली, पाव विकले व पुढे भारतीय प्रशासकीय सेवेच्या ओडिशा संवर्गात प्रवेश मिळविला. त्यांच्या आत्मकथनाचे 'ताई, मी कलेक्टर व्हयनू' हे शीर्षक अहिराणीत आहे. साक्री तालुक्यातील सामोडे येथील भिल्ल कुटुंबात जन्मलेले डॉ. राजेंद्र भारूड नवोदय विद्यालयातून पुढे मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात गेले. २०१३ च्या तुकडीतून ते भारतीय प्रशासकीय सेवेत आले व पुढे शेजारच्या नंदुरबार जिल्ह्याचे जिल्हाधिकारी झाले.

या उदाहरणांतून बोली व दारिद्र्य हे अंतिम अडथळे नाहीत, एवढे निश्चितपणे सांगता येते. परंतु 'जिद्द असली की यश मिळतेच' असा निष्कर्ष त्यांतून काढणे योग्य नाही. डॉ. भारूड यांच्या हाती वैद्यकीय पदवी होती व परीक्षेत अपयश आले असते तरी त्यांच्यासमोर उपजीविकेचा मार्ग खुला होता. यशकथा वाचताना ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते.

स्पर्धेची तीव्रता व कालमर्यादा :

२०२४ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ उमेदवारांनी अर्ज केले. त्यांपैकी ५,८३,२१३ प्रत्यक्ष पूर्व परीक्षेस बसले, १४,६२७ मुख्य परीक्षेस पात्र ठरले, २,८४५ मुलाखतीपर्यंत पोहोचले व १,००९ उमेदवारांची शिफारस झाली. म्हणजे पूर्व परीक्षा देणाऱ्या सुमारे ५७८ उमेदवारांमागे एकाची निवड झाली. सर्वांत मोठी गळती पहिल्याच टप्प्यात होते, तेथे ४० पैकी केवळ एक उमेदवार पुढे जातो. मुख्य परीक्षेच्या अभ्यासात रमून पूर्व परीक्षेच्या सरावाकडे दुर्लक्ष करणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

खुल्या प्रवर्गास ३२ वर्षे वयापर्यंत सहा, इतर मागासवर्गीयांस ३५ वर्षांपर्यंत नऊ आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस ३७ वर्षांपर्यंत अमर्याद संधी मिळतात. नियम देतो तेवढ्या सर्व संधी घ्याव्यातच असे मात्र नाही. शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या घरातील एक कमावता हात दहा वर्षे अभ्यासिकेत बसतो, तेव्हा त्याचा भार आई-वडिलांवर, भावंडांच्या शिक्षणावर व मुलींच्या बाबतीत विवाहाच्या निर्णयावर पडतो. म्हणून तयारी सुरू करतानाच संधींची संख्या व शेवटचे वर्ष कुटुंबाशी बोलून निश्चित करावे. अध्यापन, बँक, विधी, संगणक किंवा शेतीपूरक व्यवसाय यांपैकी एक पर्यायी मार्ग पदवीच्या काळातच सिद्ध ठेवावा. पर्यायाची तजवीज म्हणजे निश्चयाचा अभाव नव्हे. पुढची सोय असलेला विद्यार्थी परीक्षेस निर्भयपणे सामोरा जातो.

गावात राहून करावयाची तयारी :

पुणे किंवा दिल्ली येथे गेल्याशिवाय तयारी होत नाही, असा एक समज रूढ आहे. परंतु पहिल्या दोन वर्षांचा पायाभूत अभ्यास वरणगाव, भुसावळ किंवा जळगाव येथे राहून होऊ शकतो. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) पदवीच्या प्रथम वर्षापासून इयत्ता सहावी ते बारावीची इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व विज्ञान यांची पाठ्यपुस्तके वाचावीत. राज्य मंडळाची पुस्तके मराठीतून व राष्ट्रीय परिषदेची इंग्रजीतून समांतर वाचल्यास विषय व भाषा दोन्ही पक्क्या होतात.

२) अभ्यासक्रमाची प्रत व मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका सदैव समोर ठेवाव्यात. काय वाचावे यापेक्षा काय वगळावे, हे त्यांवरूनच कळते.

३) एक मराठी व एक इंग्रजी दैनिक तसेच 'योजना' व 'लोकराज्य' यांसारखी नियतकालिके विषयवार टिपणे काढीत वाचावीत.

४) दररोज किमान एक उत्तर वेळ लावून लिहावे व ते प्राध्यापकाकडून अथवा सहाध्यायाकडून तपासून घ्यावे.

५) परिसर हाच संदर्भग्रंथ मानावा. तापी-पूर्णा संगमाच्या खाली असलेल्या हतनूर जलाशयातील गाळाचा प्रश्न सिंचन व्यवस्थापनाचे, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी कृषी विपणनाचे, तर १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माणींचे सात कंपन्यांत झालेले रूपांतर सार्वजनिक उद्योगधोरणाचे जिवंत उदाहरण आहे. वरणगावचा कारखाना त्या वेळी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये समाविष्ट झाला. ज्या विद्यार्थ्याच्या घरात या बदलाची चर्चा झाली, त्याचे उत्तर पुस्तकी राहत नाही.

बाहेरगावी जाण्याची गरज प्रामुख्याने मुख्य परीक्षेच्या उत्तरलेखनासाठी व मुलाखतीसाठी भासते. त्याकरिता १९७६ पासून कार्यरत असलेली मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय प्रशिक्षण संस्था, विविध विभागांतील तिच्या धर्तीवरील प्रशिक्षण केंद्रे तसेच बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या योजना यांची माहिती घ्यावी. जळगाव येथील दीपस्तंभ फाउंडेशननेही ग्रामीण व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी या क्षेत्रात काम केले आहे. मोठे शुल्क भरण्यापूर्वी, त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी तर विशेषच, अशा योजनांची चौकशी करणे हे विद्यार्थ्याइतकेच पालकांचेही कर्तव्य आहे.

महाविद्यालयाची भूमिका :

ग्रामीण महाविद्यालयाने स्पर्धा परीक्षा केंद्राचा फलक लावून थांबू नये. रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका, विद्यार्थिनींसाठी सुरक्षित वेळ व एसटीची सोय, दरमहा एक तपासलेली सराव परीक्षा आणि विविध विषयांच्या प्राध्यापकांचा उत्तर-तपासणी गट एवढ्या गोष्टी अल्प खर्चात शक्य आहेत. विशेषतः भाषा विभागाने अनिवार्य मराठी व इंग्रजी प्रश्नपत्रिकांची जबाबदारी स्वीकारल्यास पात्रता प्रश्नपत्रिकेत अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांचे नुकसान टळेल.

समारोप :

नागरी सेवा परीक्षेची तयारी ही ज्ञानसाधना असली तरी ती मर्यादित काळात व मर्यादित साधनांनी करावयाची साधना आहे. वरणगावसारख्या गावातील विद्यार्थ्यास इंग्रजी वाचनाचा सराव, मराठी परिभाषेवर प्रभुत्व, नियमित लेखन, परिसराचे डोळस निरीक्षण आणि निश्चित कालमर्यादा या पाच गोष्टींची जोड मिळाली, तर त्याची स्पर्धा अधिक समान पातळीवर येते. निवड झालेले थोडेच असतील. ज्यांची निवड होणार नाही, त्यांनाही संविधान, अर्थव्यवस्था व शासनव्यवहार यांचे झालेले ज्ञान ग्रामसभेत, सहकारी संस्थेत, शाळेत किंवा स्वतःच्या व्यवसायात उपयोगी पडावे आणि त्यांचे तारुण्य वाया गेले असे त्यांना वाटू नये, अशा रीतीने या तयारीची आखणी होणे आवश्यक आहे.