मँचेस्टरचा कैवारी की मजुरांचा?

अमेरिकेतल्या बड्या भांडवलदारांवर तिथल्याच लेखकांनी केलेल्या टीकेचे आपल्याकडे कौतुक होते. आयडा टार्बेल या पत्रकार बाईने १९०२ पासून रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीची कुंडली एका मासिकात क्रमशः मांडली आणि १९११ मध्ये न्यायालयाने ती कंपनी फोडली. पण असा टीकाकार मुंबईत टार्बेलबाईंच्या वीस वर्षे आधी उभा होता. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक आणि काही काळ एका गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे हा माणूस गिरणी आतून पाहून लिहीत होता.

गिरणीचा दिवस किती तासांचा, हा प्रश्न त्या काळी घड्याळाचा नव्हताच. तुळिंजच्या ज्या गाळ्यांच्या शेजारी मी राहतो, तिथे रात्रपाळी ट्यूबलाइटखाली चालते. १८८४ सालच्या गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. त्यामुळे हिवाळ्यात दहा-अकरा तास, उन्हाळ्यात तेरा-चौदा. १८८१ चा कारखाना कायदा होता, पण तो मुलांपुरता : सात वर्षांखालचे मूल कामावर नको, बारापर्यंतच्या मुलाला नऊ तास. मोठ्या माणसाला कसलीच मर्यादा नाही.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला मजुरांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या वाचताना मला त्यांच्या साधेपणाचेच आश्चर्य वाटते. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई.

याला विरोध फक्त मालकांचा असता, तर गोष्ट सोपी होती. 'केसरी' आणि 'मराठा' ही राष्ट्रीय पत्रेही कारखाना कायद्याच्या विरोधात होती. त्यांची शंका पोकळ नव्हती. मँचेस्टरच्या कापडावरची आयात जकात १८८२ मध्ये उठली होती, आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायदे लादा असा धोशा लावणारे लोक लँकेशायरचे गिरणीवालेच होते. त्यांना मजुरांचा कळवळा येण्याचे कारण नव्हते. तेव्हा देशी गिरणीवर टीका करणारा परक्यांचा हस्तक ठरायला वेळ लागत नसे. रॉकफेलर अमेरिकेचाच, त्याचे टीकाकारही अमेरिकेचेच. टार्बेलबाईंना हा पेच नव्हता. माझ्या मते लोखंड्यांचे मोठेपण इथे आहे. सुट्टी मागणाऱ्या कामगारिणीला मँचेस्टरचा हेतू शुद्ध आहे की अशुद्ध, याने काय फरक पडणार होता?

२४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांच्या आसपास मजूर जमले. त्यात दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. खंडोबाचा वार गिरणीवाल्यांच्या हातून सुटला, असे म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुट्टी बंधनकारक केली, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय नऊ केले.

लोखंड्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, असा शेरा १८९२ च्या सरकारी अहवालात आहे. तो खरा आहे. वर्गणीपावतीच्या अर्थाने ती युनियन नव्हतीच. एक वृत्तपत्र, काही सभा आणि सह्यांचा कागद, एवढ्यावर ती चालली. ज्यांना खंबीर युनियन हवी त्यांनी हा शेरा जरूर वापरावा. पण रविवारचा हिशेबही त्याच पानावर मांडावा.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने गेले. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्ताची जी नैसर्गिक हद्द होती तीही मोडली. दिवस लांबतच गेला. पुरुष कामगारांना कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा कायद्याने मिळाली ती १९११ मध्ये.