गोव्यात स्कूटर भाड्याने घेताना

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली, की आमच्या दवाखान्यात एक ठराविक जखम घेऊन मंडळी येऊ लागतात. उजव्या पोटरीच्या आतल्या अंगाला लांबट भाजलेला चट्टा आणि त्यावर थापलेली टूथपेस्ट. "गोव्याला जाऊन आलात वाटतं?" असे विचारले की पेशंट चकित होतो. यात ज्योतिष काही नाही. स्कूटरचा सायलेन्सर उजवीकडे असतो, अंगात हाफ पँट असते आणि मागे बसलेला घाईने त्याच बाजूला उतरतो. म्हणून डावीकडे उतरावे. भाजलेच तर वीस मिनिटे नळाखाली पाय धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांतले काही लावू नये. फोड आला तर तो फोडू नये आणि जखम भरेपर्यंत समुद्रात उतरू नये.

ही झाली किरकोळ गोष्ट. पडण्याची गोष्ट किरकोळ नाही. गावात रोज गाडी चालवणाऱ्याला वाटते, गोव्यातही तेच करायचे आहे. पण रस्ता अनोळखी, गाडी अनोळखी, ब्रेक कितपत लागतो ते ठाऊक नाही. किनाऱ्याजवळच्या वळणांवर वाळू पसरलेली असते. वाळूवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. पहिल्या पावसात तेल आणि तांबडी माती मिसळून रस्ता साबणासारखा होतो. गाडी ताब्यात घेतली की आधी मोकळ्या जागी दोन फेऱ्या माराव्यात, ब्रेक आणि दिवे पाहावेत.

खरचटलेली जखम आधी भरपूर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. आत राहिलेली वाळू पू तर करतेच, शिवाय कातडीत कायमचे काळे डाग ठेवते. हळद आणि चहापूड स्वयंपाकघरातच राहू द्यावी. जखम मातीची असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर ती पुन्हा टोचून घ्यावी.

आता हेल्मेट. चांगल्या हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी व मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. पण ते डोक्यावर हवे, आरशाला टांगून नव्हे. भाड्याच्या गाडीबरोबर मिळणारे हेल्मेट पुष्कळदा सैल असते, हनुवटीखालच्या पट्ट्याचे कुलूप तुटलेले असते. असे हेल्मेट पडताना आपल्या आधी रस्त्यावर पोहोचते. दुसरे मागून घ्या किंवा घरचे न्या. मागे बसणाऱ्यालाही हवेच.

डोक्याला मार लागल्यावर एक फसवी अवस्था येऊ शकते. माणूस उठून बसतो, बोलतो, चहा घेतो. सगळे म्हणतात, "वाचला!" आणि काही तासांनी तो झोपाळू होतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाऊन मेंदूवर दाब आल्याने असे होते. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटका, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तरी तपासणी करूनच घ्यावी. अशा माणसाला लॉजवर एकटे झोपवू नये. पहिले चोवीस तास कोणीतरी जवळ हवे. दुखण्यावर अ‍ॅस्पिरीन किंवा ब्रुफेन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी रोज घेणाऱ्यांनी तर साधा मारही अंगावर काढू नये.

दारूविषयी उपदेश करत नाही, शरीराचा हिशेब सांगतो. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मद्यार्क चालतो. यकृत तो आपल्याच गतीने, तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम इतकाच कमी करते. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत घेतलेली फेणी सकाळी किल्ली फिरवतानाही रक्तात असू शकते. आंबोली किंवा चोर्ला घाटात मळमळू नये म्हणून घेतलेली अ‍ॅव्होमिनची गोळीही बराच वेळ गुंगी आणते. त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवावी.

भाड्याच्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडते आणि दवाखान्याचा खर्च अंगावर येतो. लायसन्स जवळ हवेच.

अपघात झालेल्याला हातापायाला धरून उचलू नये, मान हलवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. गंभीर जखमींसाठी बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आहे. आणि रस्त्यात पडलेला माणूस अनोळखी असला तरी थांबावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, आपले नाव सांगण्याची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही.