विभवावर पहारा ठेवणारे तिसरे अग्र

अणदूरसारख्या गावातही आज रक्तातील साखर पाहण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची वाट धरावी लागत नाही. बोटाच्या टोकाचा एक थेंब रक्त ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावला की काही सेकंदांत आकडा दिसतो. हा आकडा येतो कोठून?

पट्टीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि फेरीसायनाइडसारख्या वाहक रसायनाच्या स्वाधीन करते. वाहक ते पट्टीवरील विद्युत अग्राला देतो आणि परिपथात सूक्ष्म विद्युतधारा वाहू लागते. साखर जितकी अधिक, तितकी धारा अधिक. उपकरण हीच धारा मोजते. मात्र त्यासाठी एक अट आहे. अग्राचा विभव ठरलेल्या पातळीवरच राहिला पाहिजे.

असे का? अणदूरजवळच्या नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अशाच एखाद्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर दोन मोऱ्या आहेत, अशी कल्पना करा. पाण्याची पातळी दोन्हींच्या मधोमध ठेवली, तर फक्त खालची मोरी वाहते. पातळी वाढली की वरचीही वाहू लागते. विभवाचेही असेच आहे. तो कमी पडला, तर वाहकाकडून पुरेसे इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. तो फार वाढला, तर रक्तातील 'क' जीवनसत्त्व, युरिक आम्ल, किंवा रुग्णाने घेतलेले पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन देऊ लागते. मग साखर नसतानाही आकडा फुगतो. तो खरा मानून कोणी इन्शुलिन जास्त घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते!

तुम्ही म्हणाल, "घटाला 0.4 व्होल्ट जोडले की झाले!" पण ओहमचा नियम आठवा. द्रावणाचा रोध 500 ओहम आणि धारा 0.1 मिलिअँपिअर असेल, तर 0.05 व्होल्ट द्रावणातच खर्ची पडतात. शिवाय समोरच्या अग्राचा विभवही धारेबरोबर बदलतो. म्हणजेच आपण दिलेल्या विभवांतरापैकी आपल्या अग्राच्या वाट्याला किती आले, हे कळतच नाही.

यावर उपाय म्हणजे तिसरे अग्र. याला संदर्भ अग्र म्हणतात. चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा थर देऊन ते बनवता येते. त्यातून धारा जवळजवळ वाहूच देत नाहीत. त्यामुळे त्याचा स्वतःचा विभव ढळत नाही. बंधाऱ्यातील मोजपट्टी पाणी न घेता पातळी दाखवते, तसेच हे. ते कार्यकारी अग्राच्या अगदी जवळ ठेवतात. इलेक्ट्रॉनिक प्रवर्धक हे मोजलेले विभवांतर ठरवलेल्या आकड्याशी सतत ताडून पाहतो आणि फरक पडताच समोरच्या, म्हणजे सहायक, अग्राकडून धारा कमी-जास्त करून तो भरून काढतो. या यंत्रणेला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात. आर्ची हिकलिंग या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1942 मध्ये असे स्वयंचलित नियंत्रण प्रथम मांडले. पुढे 1962 मध्ये अमेरिकेत लेलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोजसाठी विकर-अग्राची कल्पना पुढे आणली. आज हे सारे नियंत्रण तळहातावर मावणाऱ्या उपकरणात बसते. काही पट्ट्यांत तर दोनच अग्रे असतात; धारा इतकी सूक्ष्म असते की एकच अग्र संदर्भ आणि सहायक अशी दोन्ही कामे करू शकते.

हे शाळेतही पडताळता येईल. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात पेन्सिलीची दोन शिसे बुडवून ती दोन कोरड्या घटांना एकसरीत जोडा. मध्ये तांब्याची स्वच्छ तार धरा. ती घटांना जोडू नका. मल्टिमीटरने तार व प्रत्येक शिसे यांतील विभवांतर मोजा. दोन आकडे निम्मे-निम्मे येतात का? तार एका शिशाजवळ सरकवा, मग द्रावणात आणखी पाणी घाला. दर वेळी वाटणी कशी बदलते ते नोंदवा. तिसऱ्या तारेशिवाय ती तुम्हांला कळली असती का?