आपटलेली बॅटरी

समजा, पैठणच्या रस्त्याला बिडकीनजवळ तुमची विजेची गाडी घसरली. तुम्ही उठलात, गाडीही सुरू झाली. "काही झालं नाही," म्हणत घरी आलात आणि रात्री बॅटरी चार्जिंगला लावली. चूक होते ती इथेच.

बॅटरीच्या पोटात कागदासारखे पातळ पत्रे असतात. दोन पत्र्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो केसाहूनही पातळ, बरं का! मार लागून पडदा फाटला की पत्रे एकमेकांना भिडतात आणि आतल्या आत उष्णता वाढते. बॅटरी कधी लगेच पेटते, कधी तासांनी, कधी दिवसांनी. वरून डबा धड दिसतो, म्हणून माणूस फसतो.

वसईत 2022 साली घरात चार्जिंगला लावलेली गाडीची बॅटरी फुटली. घरात झोपलेले 7 वर्षांचे लेकरू भाजून दगावले.

म्हणून गाडी पडली की आधी चावी बंद करा. गाडी घरात घेऊ नका. मोकळ्या जागी, सावलीत उभी करा. कडबा, गॅस आणि लेकरे लांब ठेवा. मग बघा. डबा फुगला आहे का? चीर पडली आहे का? काही पाझरते का? उग्र वास येतो का? फुसफुस ऐकू येते का? हात जवळ नेल्यावर धग लागते का? यातले एकही असेल तर बॅटरीला हात लावू नका. धूर दिसला तर लांब जा आणि 101 ला फोन करा.

काहीच दिसले नाही तरी चार्जिंग करू नका. डबा घरी उघडू नका. हुशार पोरे नेमके हेच आधी करतात. कंपनीच्या दुकानाला फोन करा आणि त्यांचा माणूस बोलवा. आतले बिघाड त्याला यंत्र लावून तपासता येतात.