उधारीची वही आणि तळहाताएवढा संगणक

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाजाराचे गणित कापसावर चालते. मृगाचा पाऊस पडला की शेतकरी बियाणे, खत, पाइप, फवारणीचा पंप घेऊन जातो आणि पैसे देतो ते सोयाबीन निघाल्यावर किंवा कापूस विकल्यावर. मधले चार-सहा महिने दुकानदाराचे भांडवल उधारीच्या वहीत अडकलेले असते. ही वही हरवली किंवा तिच्यात एखादी रक्कम चुकीची चढली, तर केवळ पैसे बुडत नाहीत. वाडवडिलांपासूनचे गिऱ्हाईक तुटते.

आमचे एक स्नेही दिग्रसला हार्डवेअरचे दुकान चालवतात. गल्ल्यावर ते स्वतः, काउंटरवर दोन मुले आणि दुकानामागच्या गोदामात मुनीम, असे चौघे माल देतात. पूर्वी वही एकच होती. गोदामातून गेलेला माल संध्याकाळी आठवून लिहावा लागे. पुढे संगणक घेतला. पण वीज गेली की इन्व्हर्टर तासाभरात मान टाकायचा. मोबाइलवरचे हिशेबाचे ॲप घेतले, तर इंटरनेट गेल्यावर सगळे हात बांधून बसायचे.

आता त्यांच्या गल्ल्यामागे, भिंतीवर, पत्त्यांच्या कॅटएवढी एक डबी आहे. दुकानाची सगळी उधारी आणि मालाचा साठा तिच्यात असतो. ही डबी पाहून आल्यावर आम्हाला वाटले, की आपल्या व्यापारी बंधूंनी ती समजून घेतलीच पाहिजे. तिच्या फायद्यांसह आणि तिने एकदा दिलेल्या फटक्यासह.

डबीत आहे काय?

डबीत रास्पबेरी पाय नावाचा एकाच पाटीवरचा संगणक आहे. इंग्लंडमधील केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने मुलांना संगणक शिकता यावा म्हणून तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला. पहिल्या पाटीची किंमत होती ३५ डॉलर आणि स्मरणशक्ती २५६ एमबी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली ‘झिरो २ डब्ल्यू’ ही लहान पाटी १५ डॉलरला निघाली. तिच्यात वायफायही आहे. दुकानाच्या हिशेबाला एवढी पाटी पुरते.

तिच्यावर लिनक्स चालते. त्याला परवान्याचे पैसे नाहीत. पाने दाखवण्यासाठी ‘लाइटटीपीडी’ किंवा ‘एन्जिनएक्स’ यांसारखा हलका वेब सर्व्हर बसवतात. नोंदी ठेवण्यासाठी ‘एसक्यूलाइट’ असते. तेही मोफत आहे आणि त्याचा विशेष असा, की अख्खी खतावणी एकाच फाइलमध्ये राहते. नक्कल काढायला सोपी.

वापरणाऱ्याला यातले काही कळावे लागत नाही. मोबाइल दुकानाच्या वायफायला जोडायचा, ब्राउझरमध्ये डबीचा पत्ता टाकायचा, की शेतकऱ्याचे नाव, गाव आणि बाकी समोर येते. मुनिमाने गोदामात नोंद केली की त्याच क्षणी ती गल्ल्यावर दिसते. डबी आणि राउटर चालू असला म्हणजे झाले; बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी काम अडत नाही.

विजेचा हिशेबही पाहू. डबीला ३ वॉट धरले आणि ती रात्रंदिवस चालू ठेवली, तरी महिन्याला सव्वादोन युनिट पुरतात. ८० वॉटचा टेबलावरचा संगणक रोज १० तास चालवला तर २४ युनिट लागतात.

अकरा दिवसांची उधारी

आता फटक्याची गोष्ट. ऐन पेरणीच्या दिवसांत एका संध्याकाळी वादळामुळे वीज पाच-सहा वेळा आली आणि गेली. डबी सरळ भिंतीतल्या सॉकेटवर होती. रात्री ती सुरूच होईना. तिची सगळी माहिती मोबाइलमध्ये घालतो तशा मेमरी कार्डवर होती. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडतात, प्रसंगी कार्डच निकामी होते. पाटी शाबूत होती. कार्ड गेले होते. शेवटची नक्कल अकरा दिवसांपूर्वीची होती.

पेरणीतले अकरा दिवस म्हणजे वर्षाची निम्मी उधारी. आमच्या स्नेह्यांनी बिलबुकातल्या कार्बन प्रती काढल्या, गोदामातल्या चिठ्ठ्या जुळवल्या. जे सापडले नाही त्यासाठी ते मुलांना घेऊन गावोगाव गेले. बहुतेक शेतकऱ्यांनी नेलेला माल आपण होऊन सांगितला. दोन-तीन रकमांचा मेळ शेवटपर्यंत लागला नाही. त्या त्यांनी सोडून दिल्या. कागदाची कार्बन प्रत नसती तर नुकसान किती झाले असते, याचा हिशेब त्यांनी आम्हाला सांगितला नाही. आम्हीही विचारला नाही.

कोणती काळजी घ्यावी

या अनुभवातून त्यांनी जे बदल केले ते असे. डबी आणि राउटर दोन्हींना लहान यूपीएस लावला. हिशेबाची फाइल मेमरी कार्डावरून काढून एसएसडीवर ठेवली. रोज रात्री नक्कल आपोआप पेन ड्राइव्हवर पडते. असे दोन पेन ड्राइव्ह आहेत. एक दुकानात, एक घरी, आठवड्याला अदलाबदल. महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या कार्डावर उघडून पाहतात, कारण उघडून न पाहिलेल्या नक्कलेवर विसंबता येत नाही. दर शनिवारी बाकीची यादी कागदावर छापून फाइलला लावतात.

आणखी तीन गोष्टी. पहिली घड्याळाची. यातल्या बहुतेक पाट्यांवर बॅटरीचे घड्याळ नसते. वीज गेली आणि परत आल्यावर इंटरनेट नसेल, तर तारीख चुकते आणि उधारीवर चुकीचा दिवस पडतो. बटण सेलचे छोटे घड्याळ वेगळे जोडून घ्यावे. दुसरी उन्हाची. पाटीचे तापमान ८० अंशांवर गेले की ती स्वतःचा वेग कमी करते. आपल्याकडच्या मे महिन्यात डबी पत्र्याला टेकवून किंवा इन्व्हर्टरवर ठेवू नये. तिसरी कुलपाची. जुन्या पाट्यांना सगळ्यांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड येत असे. एप्रिल २०२२ पासून कंपनीने तो बंद केला. जुनी पाटी असेल तर पासवर्ड आधी बदलावा. डबी उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. शेतकऱ्याची बाकी ही त्याची अब्रू आहे.

जीएसटीची नोंदणी असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे, की हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. एका कार्डावर सहा वर्षांचा भरवसा टाकता येत नाही.

तरुणांसाठी काम

स्वस्त यंत्र आले म्हणजे काम भागले, असे नाही. कोल्हापूर-सांगली भागात वारणा सहकारी समूहाच्या ७० गावांत १९९८ मध्ये ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रे उभी राहिली. देशभर त्याचे कौतुक झाले. पुढे जुन्या संगणकांची देखभाल जड जाऊ लागली, तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने तेथील काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले. यंत्र बसवणे एका दिवसाचे काम असते, ते चालू ठेवणे रोजचे.

आणि रोजगार आहे तो याच रोजच्या कामात. पुसद, उमरखेड, दारव्हा, वणी, पांढरकवडा, प्रत्येक गावात मोबाइल दुरुस्त करणारी हुशार मुले आहेत. डबी बसवून देणे, नक्कल तपासणे, वर्षाचा देखभाल करार करणे, हा त्यांचा जोडधंदा होऊ शकतो. दहा दुकाने हाती असली तर महिन्याची ठरलेली आवक होते. मात्र ज्याच्या हाती दुसऱ्याचा हिशेब द्यायचा, त्याची विश्वासार्हता कारागिरीच्या आधी पाहावी.

दुकानदार बंधूंना आमचा सल्ला इतकाच, की सुरुवात लहान करावी. पहिला हंगाम वही आणि डबी दोन्ही चालवावी. दोन्हींचा आकडा रोज संध्याकाळी जुळू लागला म्हणजे पुढचे पाऊल टाकावे. आणि बिलबुकातला कार्बन कागद तेव्हाही काढू नये.